दोन तासांचे खेळघर की दिवसभराचे पाळणाघर?

प्रश्न ठाणे पूर्वेच्या कोपरी भागातील एका महिला मंडळाच्या कार्यकर्तीचा आहे. त्यांच्या गल्लीत पाकिस्तानच्या सिंध प्रांतातून दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेली सात-आठ हिंदू कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहू लागली आहेत. पुरुषांना दुकानांत आणि गोदामांत कामे मिळाली, पण बायका लहान मुलांमुळे घरातच अडकल्या आहेत. मंडळाकडे एक खोली आहे. तिथे रोज दुपारी दोन तास खेळघर चालवले तर या कुटुंबांना आधार होईल का, कागदपत्रांचे काय करावे, आणि बुजलेली मुले कशी रमवावीत, असे त्यांनी विचारले आहे. ठाणे-नवी मुंबईत बांधकामांच्या जागी आणि वस्त्यांमध्ये मी बावीस वर्षे पाळणाघरे चालवली आहेत. त्यातील बहुतेक मुले मराठवाड्यातून दुष्काळामुळे आलेल्या कुटुंबांची होती, आणि अलीकडच्या काही वर्षांत उल्हासनगरच्या बाजूला सिंधहून आलेली मुलेही आमच्याकडे होती. त्या अनुभवावरून लिहिते.

आधी सरळ उत्तर देते. दुपारच्या दोन तासांचे खेळघर मुलांना आवडेल, पण आयांचा प्रश्न त्याने सुटणार नाही. आपल्याला चाळीस मुले दोन तास सांभाळता येत असतील, तर त्याऐवजी दहा मुले आठ तास सांभाळावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण कामाच्या वेळांत आहे. घरकाम करणारी बाई सकाळी सात-साडेसातला पहिल्या घरी पोहोचते, कारण त्या घरातल्या माणसांना लोकल पकडायची असते. तिची सकाळची दोन-तीन घरे अकरापर्यंत आटोपतात आणि धुणीभांड्याची दुसरी फेरी दुपारनंतर सुरू होते. गोदामात पॅकिंगला किंवा वागळे इस्टेटमधल्या एखाद्या युनिटमध्ये लागलेली बाई नऊला जाऊन सहाला सुटते आणि घरी पोहोचेपर्यंत सात वाजतात. दुपारी दोन ते चार एवढ्याच वेळात करता येईल असे काम ठाण्यात जवळजवळ नाही. मग उरते ते घरी बसून नगावर करायचे काम, म्हणजे पापड लाटणे, इमिटेशनच्या दागिन्यांत मणी ओवणे किंवा राख्या बांधणे. या कामात मूल शेजारीच असते, म्हणून ते सोयीचे वाटते. प्रत्यक्षात मजुरी कमी पडते, आईचे लक्ष दोन्हीकडे राहते आणि बाईला गल्लीबाहेरचे शहर कधी कळतच नाही.

ही चूक आम्हीही केली आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका वस्तीत आम्ही अकरा ते एक अशी वेळ ठरवली, कारण आमच्या कार्यकर्त्यांना ती सोयीची होती. भिंती रंगवल्या, खेळणी आणली, आणि पहिल्या महिन्यात जेमतेम चार मुले आली. आम्ही ‘पालकांमध्ये जागृती नाही’ असा अहवालही लिहून टाकला. शेवटी एका बाईने विचारले, ‘ताई, तुमची शाळा उघडते तेव्हा मी कामावर असते आणि मी परत येते तेव्हा ती बंद झालेली असते, मग पोराला आणून सोडणार कोण?’ सकाळी साडेसहाला दार उघडायला लागल्यावर पंधरवड्यात खोली भरली. म्हणून खोलीची वेळ ठरवण्याआधी त्या सात-आठ घरांतल्या प्रत्येक बाईशी स्वतंत्र बसून तिला कोणते काम मिळण्याजोगे आहे आणि त्याची वेळ काय, हे लिहून घ्या. केंद्र सरकारच्या पाळणाघर योजनेतही महिन्याला २६ दिवस आणि दिवसाला साडेसात तास असे प्रमाण धरलेले होते, तेही उगाच नव्हे.

अंगणवाडी असताना पाळणाघर कशाला, असे आपल्याला कोणीतरी नक्की विचारेल. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना काही तास बसवते आणि त्याहून लहानांसाठी घरी न्यायचा आहार देते. त्याचा लाभ जरूर घ्यावा, पण दीड वर्षाचे मूल दिवसभर सांभाळणे हे तिचे काम नाही. कायद्यांचेही असेच आहे. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केले, आणि मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ते लागू केले. हे दोन्ही कायदे २०२५ मध्ये नव्या कामगार संहितांत सामावले गेले. पण चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला आस्थापनाच नसते, त्यामुळे ती या तरतुदींच्या बाहेर राहते. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या अठराव्या कलमात काम करणाऱ्या आईवडिलांच्या मुलांना संगोपन सेवांचा हक्क आहे आणि बाविसाव्या कलमात निर्वासित मुलांच्या संरक्षणाचा उल्लेख आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नसली, तरी बालहक्कांचा हा करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला आहे. निवेदन द्यायची वेळ आली तर हा मुद्दा जवळ असू द्या. रोजच्या कामात त्याचा फारसा उपयोग होत नाही.

आपल्या प्रश्नात ज्यांचा उल्लेख नाही अशी एक व्यक्ती या सगळ्यात आहे, ती म्हणजे मोठी बहीण. उल्हासनगरच्या बाजूच्या आमच्या केंद्रात एके दिवशी नऊ वर्षांची मुलगी वर्षभराच्या भावाला कडेवर घेऊन आली. त्याला ताईंनी आत घेतले, तरी ती पायरीवरच उभी राहिली. भाऊ कडेवर नसतानाही तिची कंबर एका बाजूला काढलेलीच होती आणि मोकळ्या हातांचे काय करावे हे तिला सुचत नव्हते. आई कामाला लागली की लहान मूल शेजारणीकडे जात नाही, ते मोठ्या मुलीच्या कडेवर जाते आणि तिची शाळा सुटते. निर्वासित कुटुंबात तर शेजारीण अजून ओळखीची झालेली नसते, त्यामुळे हे अधिक लवकर घडते. ही गोष्ट आपल्याच जिल्ह्यात फार पूर्वी ओळखली गेली होती. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. ही गावे आज पालघर जिल्ह्यात असली तरी २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी मोठी मुले शाळेबाहेर राहतात, हे पाहून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी उभी केली. आपल्या खोलीत येणाऱ्या प्रत्येक लहान मुलाच्या नावापुढे त्याच्या मोठ्या भावंडाचे नाव आणि शाळा लिहिण्यासाठी एक रकाना ठेवा. तो रकाना रिकामा असेल तर त्या घरचे अर्धे काम अजून व्हायचे आहे.

आपल्या भागाकडे एक मोठी जमेची बाजू आहे. कोपरी कॉलनी ही फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वसाहत आहे, आणि पलीकडे कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या निर्वासितांचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. त्या वेळी कडेवर किंवा बोट धरून आलेल्या काही आज्या आजही आपल्या इमारतींमध्ये आहेत. पहिले दोन महिने त्यांतील एक जरी आजी रोज सकाळी खोलीत येऊन बसली, तर बाहेरच्या दहा प्रशिक्षित सेविकांपेक्षा तिचा उपयोग जास्त होईल. भाषा हे त्याचे एक कारण. नव्याने आलेल्या मुलांना मराठी कळत नाही आणि हिंदीही अर्धीमुर्धीच कळते. सिंधीत पाण्याला आपल्यासारखेच ‘पाणी’ म्हणतात, अगदी ‘ण’सकट, आणि आमच्या मराठी सेविकांना या एका शब्दाने फार धीर दिला. भाकरी-पोळीला ‘मानी’ म्हणतात, आणि आया सेविकेला ‘अदी’ म्हणजे बहीण म्हणून हाक मारतात. असे पंधरा-वीस शब्द लिहून भिंतीवर लावा आणि सेविकांकडून पाठ करून घ्या. मुलाला मराठी लवकर यावी म्हणून त्याची भाषा बंद करू नका. ती चालू राहिली म्हणून मराठी अडत नाही, आणि बंद केली तर मूल गप्प होते.

एक बारकावा आम्हाला उशिरा कळला. पाकिस्तानात सिंधी अरबी वळणाच्या लिपीत शिकवतात. त्यामुळे तिथे आठवी-दहावी शिकून आलेली बाईसुद्धा आपली देवनागरीतली सूचना वाचू शकत नाही, आणि आपण तिला निरक्षर समजून बसतो. मुलाला कोणी न्यायला यायचे यासाठी आम्ही नावांची कार्डे केली होती, त्यांचा गोंधळ झाला. मग प्रत्येक मुलाला एक चित्र दिले. कोणाला आंबा, कोणाला हत्ती, कोणाला छत्री. त्याचे एक कार्ड केंद्रात आणि दुसरे आईकडे. छत्रीचे कार्ड आणल्याशिवाय छत्रीवाले मूल कोणाच्याही हवाली करायचे नाही, मग समोर सख्खा काका असला तरी.

आता रमवण्याविषयी. पहिल्या आठवड्यात आईने खोलीतच थांबावे. दुसऱ्या आठवड्यात तिने मुलाला सांगून, त्याच्या देखत अर्ध्या तासासाठी बाहेर जावे आणि ठरल्या वेळी परत यावे. मूल खेळात गुंतले की मागच्या दाराने निसटण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. कोणत्याही मुलासाठी ती वाईटच, पण ज्याने घर, अंगण आणि आजी-आजोबा एका रात्रीत मागे राहिलेले पाहिले आहेत त्याच्यासाठी ती क्रूर आहे. आईची ओढणी मुलाजवळ राहू द्या. आमच्याकडे तीन वर्षांचा एक मुलगा चार महिने आईची हिरवी ओढणी गळ्याभोवती गुंडाळून सगळे करायचा. चित्रे काढायचा, जेवायचा, भांडायचासुद्धा. एक दिवस त्याने ती स्वतःच खुंटीला टांगली आणि खेळायला गेला. सेविकेने ती धुवायला मागितली नाही, याबद्दल मला आजही तिचे कौतुक वाटते.

दाखल करून घेताना ‘तुम्ही तिकडून का आलात’ हे विचारू नका. घरी मुलाला कोणत्या नावाने हाक मारतात, त्याला झोपवते कोण, तो कशाला घाबरतो आणि काय खातो, एवढेच विचारा. खाण्याचा प्रश्न दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. आम्ही सुरुवातीला नेमाने मऊ खिचडी द्यायचो, ती ताटातच राहायची, आणि आम्ही भूक मंदावल्याची नोंद करायचो. एका आईने कांदा घातलेल्या जाडसर कोकीचे, म्हणजे सिंधी पोळीचे, तुकडे डब्यात दिले तेव्हा तेच मूल दोन्ही हातांनी जेवले. पहिला महिनाभर घरचे खाणे चालू ठेवा आणि खिचडी बाजूला चमचाभर वाढा. मात्र वजन दर महिन्याला घ्या आणि सहा महिन्यांवरील मुलांच्या दंडाचा घेरही मोजा. पाच वर्षांखालील मुलाचा घेर साडेबारा सेंटिमीटरहून कमी भरला तर अंगणवाडी सेविकेला कळवा, आणि साडेअकराहून कमी असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

अंथरूण ओले करणे, पूर्वी येणारे शब्द न बोलणे, मोठ्या आवाजाला टेबलाखाली दडणे, हे सगळे पहिल्या काही आठवड्यांत दिसेल. बहुतेक मुले ठरलेल्या दिनक्रमानेच सावरतात. रोज तीच चटई, तीच जागा, तीच सेविका आणि जेवणाआधीचे तेच गाणे. म्हणून स्वयंसेविकांची आठवड्याची पाळी लावून रोज नवा चेहरा आणू नका. आपल्या मंडळाचा मोह नेमका तोच असेल. दोन कायमच्या, पगारी सेविका हव्यात, आणि त्यांतील एक शक्यतो त्याच कुटुंबांतली असावी. दोन-तीन महिन्यांनंतरही मूल खेळत नसेल, झोपत नसेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर जिल्हा रुग्णालयातील बालरोग विभागात दाखवा. दिवाळीचे फटाके आणि शेजारच्या पुनर्विकासातले ड्रिलिंग यांची मात्र आधीच तयारी ठेवा, कारण त्या दिवसांत सावरलेले मूलही पुन्हा मागे जाते.

कागदपत्रांबाबत माझा सल्ला कदाचित अनपेक्षित वाटेल. जेवढी कमी मागता येतील तेवढी कमी मागा. मुलाचे नाव, अंदाजे वय, आईचा फोन, लसीचे कार्ड आणि नेणाऱ्या व्यक्तीचा फोटो एवढे पुरे. पासपोर्ट आणि व्हिसाच्या झेरॉक्स मंडळाच्या कपाटात ठेवू नका. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसे रद्द झाले तेव्हा हिंदूंना आधीच दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसे वैध असल्याचे सरकारने स्पष्ट केले होते. तरीही त्या आठवड्यात आमच्या खोलीतली निम्मी मुले आली नाहीत. घराघरांत जाऊन ‘आमच्याकडे तुमचा एकही कागद नाही, त्यामुळे आमच्याकडून काही बाहेर जाणार नाही’ असे सांगता आले, म्हणून ती परत आली. मुलांचे फोटोही समाजमाध्यमांवर टाकू नका, मग देणगीदार कितीही आग्रह करो. या कुटुंबांचे नातेवाईक अजून तिकडे आहेत.

या कुटुंबांचे हक्क मात्र आपल्याला माहीत असले पाहिजेत. २०१६ मध्ये केंद्राने दीर्घ मुदतीच्या व्हिसावरील अशा अल्पसंख्याक कुटुंबांना बँक खाते, पॅन आणि आधार काढण्याची मुभा दिली. नागरिकत्व कायद्यातील २०१९ ची दुरुस्ती २०१४ च्या अखेरपर्यंत आलेल्यांपुरती आहे, त्यामुळे एकाच घरात मोठा भाऊ नागरिक आणि धाकटा व्हिसावर, असे चित्र दिसेल. सहा ते चौदा वयाच्या मुलांना वयाचा दाखला नाही म्हणून शाळाप्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षणहक्क कायद्याचे चौदावे कलम सांगते. हे कलम छापून जवळ ठेवा. एका शाळेच्या कार्यालयाने आमच्या एका मुलीला जन्मदाखल्यासाठी सहा वेळा परत पाठवले. सातव्या वेळी मी कलमाची प्रत टेबलावर ठेवली आणि काहीही न बोलता समोरच्या बाकावर बसून राहिले. अर्ज त्या दिवशी घेतला गेला.

लसीचे कार्ड उर्दूत किंवा इंग्रजीत असेल. ते घेऊन महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जा. झालेल्या डोसांच्या तारखा लिहिलेल्या असतील तर सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही, राहिलेले पुढे द्यायचे असतात. पोलिओचे डोस मात्र काळजीने पूर्ण करा, कारण पाकिस्तानात तो रोग अजून संपलेला नाही. हे आईशी एकटीला बाजूला घेऊन बोला. गल्लीत त्याचा गवगवा झाला तर त्या मुलांशी कोणी खेळणार नाही.

खोली मिळेल तर दोन मिळवा, असे मी आवर्जून सांगेन. कॅनडात नव्याने आलेल्या लोकांसाठी १९९२ पासून भाषेचे सरकारी वर्ग चालतात आणि त्यांतील अनेक ठिकाणी वर्गाबरोबरच मुले सांभाळण्याचीही सोय असते, कारण त्याशिवाय लहान मुलांच्या आया वर्गाला येऊच शकत नाहीत. आपल्याकडे एवढ्या थाटाची गरज नाही. मूल रमेपर्यंत आईला पहिला आठवडा थांबायचेच असते. त्याच तासांत शेजारच्या खोलीत तिला देवनागरी अक्षरे, बसची पाटी, स्टेशनचा इंडिकेटर आणि औषधाच्या चिठ्ठीवरच्या वेळा वाचायला शिकवा. ज्यांना दुसरी लिपी आधीच येते त्या महिन्याभरात वाचू लागतात. आमच्याकडची एक बाई अशी शिकून पुढे त्याच केंद्रात सेविका झाली. तिने आल्या आल्या पहिले काम केले ते म्हणजे आमच्या भिंतीवरच्या सिंधी शब्दांच्या यादीतल्या चार चुका दुरुस्त केल्या.

खर्चाचा मोठा भाग पगारात जाईल आणि तो तिथेच गेला पाहिजे. खेळण्यांवर पैसे घालवू नका. रिकामे डबे, झाकणे, जुन्या साड्या आणि वाळूचा एक ढीग यांवर वर्ष निघते. सरकारी योजनेत पंचवीस मुलांना एक सेविका आणि एक मदतनीस धरतात, पण तीन वर्षांखालची मुले असतील तर एका बाईने चार-पाचांहून अधिक घेऊ नयेत. पाळणाघर फुकट ठेवू नका. रोजचे पाच-दहा रुपये का होईना, घ्या. पैसे देणारी आई ‘आज माझ्या मुलाचे डोके का लागले’ असे विचारते, आणि फुकट ठेवणारी गप्प राहते. शिवाय प्रवेश सिंधहून आलेल्यांपुरता ठेवू नका. त्याच गल्लीत जालना-नांदेडकडची कुटुंबे असतील, त्यांनाही घ्या. नाहीतर ‘परदेशातून आलेल्यांना सगळे आणि आम्हाला काही नाही’ ही कुरबुर सुरू होईल, आणि ती अगदीच चुकीचीही नसेल.

खोली तळमजल्यावर असेल तर पावसाळ्याचा विचार आत्ताच करा, खाडी जवळ आहे. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस असेल त्या दिवशी मुले कुठे न्यायची, हे जूनच्या आधी ठरलेले हवे.

शेवटचा मुद्दा आपण विचारलेला नाही, पण तो येणारच आहे. भाडे वाढले की यांतील काही कुटुंबे उल्हासनगरला, अंबरनाथला किंवा आणखी पुढे जातील, कधी आठवड्याभराच्या सूचनेवर. प्रत्येक मुलाच्या नावाचा एक जाड कागद तयार ठेवा. त्यावर वजनाचा तक्ता, राहिलेल्या लसी, आवडते खाणे, झोपायची सवय आणि घरचे नाव, हे सगळे हिंदीत आणि शक्य असेल तर त्या आजींकडून सिंधी लिपीतही लिहून घ्या. तो कागद आणि मुलाचे चित्राचे कार्ड आईच्या हातात द्या. आमच्या ओढणीवाल्या मुलाने जाताना कार्ड घेतले आणि ओढणी खुंटीवरच राहिली. दोन दिवसांनी त्याचे वडील खास ती न्यायला लोकलने आले.